मागचे पाटे
रोहिणीच्या आबांनी खताची पोती झेपावीत म्हणून जीपच्या मागच्या चाकांवर स्प्रिंगचे जादा लोखंडी पाटे बसवलेले. पोती नसली की जीप खड्ड्यांवर उडायची, वळणावर मागून घसरायची. आणि याच जीपमधून मुलींचा कबड्डी संघ सामन्याला जाणार होता. "असल्या गाडीत माजी पोरगी कबड्डीला न्हाई येनार," जाईमावशीने बजावलं. सातवी खेळाडू गेली म्हणजे सामनाच गेला! कप्तान रोहिणी आबांच्या मागे लागली. "कडक पाटे दबत न्हाईत, चाक जमीन सोडतंय. काढा ना!" "आन् पोती डोक्यावर नेऊ?" "सामना झाला की बसवा परत!" पाटे उतरले. तरी आधी गाडी पारखायला जाईमावशी अंड्यांची टोपली मांडीवर घेऊन मागे बसली. "एक फुटलं, तर पोरगी घरी." आबांनी जीप चकलांब्याच्या खड्डेवाल्या वळणावर घातली, तशी शेजारी बसलेल्या रोहिणीने डोळे मिटले. जीप मागून दबली, रस्ता धरूनच वळली. शाबूत अंडी चाचपत मावशी म्हणाली, "पोरगी येईल. आन् मीबी! वरडायला कुनी नको का?"