ताटाजवळचे पाच घास

"पुन्हा कुणाच्या ताटात तोंड घातलं, तर बुंदीची रवानगी मामाच्या शेतावर," आईने सांगून टाकलं. दुपारी बुंदी कुत्रीने पाहुण्यांच्या ताटातली पोळी पळवली होती.

नात रडू लागली. आबांनी तिला जवळ घेतलं. चाळीस वर्षं शाळेत शिकवल्यामुळे त्यांना कशाचाही धडा करता येई. "मारायचं नाही, ओरडायचं नाही. चुकायला लागली की 'थांब' म्हणायचं. ऐकलं की अर्धं बिस्किट. पण आधी शोधायचं, ही सवय लावली कुणी. बहुतेक तुझ्या बाबानेच."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी नात वही घेऊन बसली. बाबांनी बुंदीकडे पाहिलंही नाही. आबांनी नेहमीप्रमाणे ताटाभोवती पाणी फिरवलं, चित्राहुती म्हणून भाताचे पाच छोटे घास पाटाजवळ ठेवले आणि डोळे मिटून श्लोक सुरू केला. श्लोक संपेपर्यंत बुंदीने फरशी चाटून लख्ख केली होती.

नातीने वही आबांपुढे धरली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"मला वाटायचं, मुंग्या नेतात."

"एका श्लोकात, आबा?" आईने विचारलं.

तिसऱ्या दिवशी आबांचा हात सवयीने भाताकडे गेला. बुंदी सरसावली.

"थांब," नात म्हणाली.

दोघंही थांबले. आबा उठले आणि पाचही घास खिडकीत ठेवून आले. बुंदी जागची हलली नाही.

नातीने एक बिस्किट मोडलं. अर्धं बुंदीला दिलं, अर्धं आबांच्या ताटात वाढलं.