सहा नावांची बाई

मायची शप्पथ, शब्दन्‌शब्द खरा हाय! अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात मी तीस वर्सं फरशी पुसली. पाच वर्सं भरत आली की साहेब म्हनायचा, “मावशे, जुनं नाव मळलं, नवं घे!” हजेरीच्या वहीत वच्छलाची गोदा, गोदाची केशर, अशी मी सहा बाया झाले. काम सुटलं. नात रोहिणी युनिव्हर्सिटीत कामगारांच्या पगार-भत्त्यांचं शिकती. तिनं दवाखान्यातून त्या हजेरीच्या वह्या मिळवल्या, बघून रडकुंडीला आली. “आज्जे, सलग पाच वर्सं भरली तरच ग्रॅच्युइटी मिळती, म्हनून नावं बदलली!” मग वरडली, “पन समद्या नावांपुढं अंगठा तुझाच हाय!” वहीतल्या ठशांशी जुळवाया तिनं माझा अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला. फिनेलनं रेघा झिजलेल्या. नुसता निळा डाग उठला. धा कागद नासले. मी म्हनले, “आता चोऱ्या करू, ठसेच सापडनार न्हाईत!” आन् खदाखदा हसले. बरं, येवढं खोटं हाय. हसले न्हाई.