मालनबाईच्या बारा तलंगा

बारावी तलंग अंगणात शिरली तेव्हा सितारामच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी विकलेल्या बाराच्या बारा कोंबड्या दिवस मावळायला परत आल्या होत्या. आल्या त्या आल्या, वर जुन्या जागेसाठी एकमेकींना चोची मारू लागल्या. जणू त्यांचा कधी सौदा झालाच नव्हता.

"मालन," तो दारातूनच म्हणाला, "तुझा धंदा माघारी आला बघ."

मालनबाई हाताचं पीठ न झटकताच बाहेर धावली.

खुडूक कोंबड्यांखाली अंडी ठेवून तिनं ही पिल्लं काढली होती. घारीपासून राखली, मुंगसापासून राखली, मानमोडीची लस द्यायला टोपलीत घालून एसटीनं परभणीला नेली. या खटाटोपात पाच महिने गेले. सिताराम हसायचा. कोंबडी ठेवावी ती अंड्यासाठी नाहीतर कालवणासाठी, नुसती वाढवून विकण्यात कसला आलाय फायदा, असं त्याचं म्हणणं. पण मालनबाईनं डोकं चालवलं होतं. पिल्लू कुणी घेत नाही, ते जगेल याचा भरवसा नसतो. म्हातारी कोंबडी घेतात ती पातेल्यासाठी. अंड्यावर यायला आठ-पंधरा दिवस उरलेली तलंग मात्र घरोघरी हवी असते, आणि तिला तेवढी करायचा उपद्व्याप कुणालाच नको असतो. तो आपण करायचा. पहिलं गिऱ्हाईकही तिला तालेवार मिळालं, किशनरावांच्या सरजाबाई. हे गिऱ्हाईक टिकलं असतं तर मालनबाईचं दुसऱ्याच्या बांधावर राबणं सुटलं असतं.

वस्ती बौद्धांची, आणि कोंबड्या किशनरावांच्या घरच्या. मागच्याच साली नामांतरावरून शेजारच्या गावातली बौद्धांची वस्ती जाळली होती. या गावात काही झालं नव्हतं. पण व्हायला काही फार मोठं कारण लागत नाही, हे वस्तीतलं शेंबडं पोरही जाणून होतं.

"उचलतो अन् देऊन येतो," सिताराम म्हणाला आणि चार पावलं चालून थांबला. किशनरावांच्या घरच्या कोंबड्या काखेत मारून वस्तीतला माणूस तिन्हीसांजेला निघालाय, हे बघणाऱ्याला काय वाटेल? ठेवल्या तरी चोरी, नेल्या तरी चोरी. तो तसाच परत फिरला.

"नवी कोंबडी चार दिवस डालग्याखाली झाकून ठिवावी लागती, हे सांगितलं न्हाईस का त्या बाईला?"

"दोनदा सांगितलं. त्या म्हणल्या, मला ठाव हाय."

"मग मुद्दामच सोडल्या की गं. आपल्यावर आळ घ्यायला."

"गप बसा तुमी," मालनबाई म्हणाली. पण तिच्याही मनात तेच आलं होतं. तिला कोंबड्यांचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग नुसतीच भीती उरली.

तेवढ्यात समोरच्या घरातली पोरं खेळ टाकून वाटेकडे बघू लागली. वाटेनं सरजाबाई येत होत्या. एकट्याच, कमरेवर रिकामं डालगं घेऊन. त्यांनी या वस्तीत आजवर पाऊल टाकलं नव्हतं.

"बाई, आमी बोलावल्या न्हाईत," मालनबाई हात जोडून म्हणाली. "लेकरांची शपथ घेते. आपल्या आपण आल्या. आत्ताच घिऊन जा."

सरजाबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. बोट नाचवत एकेक कोंबडी मोजली. बारा भरल्यावर पुन्हा एकदा मोजली. मग डालगं खाली ठेवलं आणि पदरानं गळ्याचा घाम पुसला.

"मालन, अजून पन्नास तयार करशील का? माझ्या माहेरी पाथरीला बी पायजेत, जावांना बी पायजेत."

मालनबाईला आधी काही कळलंच नाही. कळलं तेव्हा तिला एकदम हसू फुटलं, डोळे मात्र वाहत होते. ही का रडतेय, याचा सरजाबाईंना पत्ता नव्हता. यांच्या जिवाची काय घालमेल झाली ते त्यांच्या गावीही नव्हतं.

सितारामचा मात्र अजून विश्वास बसेना. "पण बाई," तो चाचरत म्हणाला, "ह्या तर तुमच्या घरून पळून आल्या की."

"पळून कशाच्या येतेत? मीच सोडल्या, अन् वेशीपतोर मागंमागं आले," सरजाबाई म्हणाल्या. "घरी वाढवल्यात म्हणून सांगून बाजारातल्या रोगट कोंबड्या दोनदा माझ्या गळ्यात मारल्या लोकांनी. रोगानं समदं खुराडं मेलं. तसली कोंबडी सोडली तर गावभर भटकती, तिला जायाला घरच नसतंय. ह्या बाराच्या बारा नीट हितं आल्या, तवा पटलं, ह्या घरीच वाढलेल्या हायेत, मालन खरं बोलायलीय."