मुक्कामाचा रकाना

उत्तरेश्वर कारकुनानं चावडीत कागद उलगडला आणि जामीन कोण राहतंय ते विचारलं. एकोणीसशे एकोणचाळीसचा मे महिना होता. हैदराबादहून आलेला उर्दू कागद तलवाड्याच्या दवाखान्यातल्या गोऱ्या डॉक्टरच्या आईचा होता. सत्तरीची बाई, तिला निजामाच्या राज्यात येऊ द्यायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं. डॉक्टर टोपी हातात धरून खांबापाशी उभा होता. त्याचं मराठी दुखण्याखुपण्यापुरतंच.

सरकारची अट एकच. म्हातारी उद्या निराधार झाली तर तिला पोसायची हमी जमीनवाल्या माणसानं लिहून द्यायची. गावात तेवढी जमीन विठ्ठलराव पाटलांचीच. ते म्हणाले, पेरणी होऊ द्या, मग बघू. कारकून म्हणाला, पंधरा दिवसांत तिच्या मुलखातून जहाज सुटतंय, त्यानंतरचं कधी मिळेल त्याचा नेम नाही. पाटलांनी पानाला चुना लावला.

पायरीवर सिदू धनगर ताटकळत बसला होता. पाटलांच्या रानात मेंढरं बसवायची परवानगी मागायला तो आला होता. पण हा कागद ऐकून त्याला स्वतःच्या कामाचा विसरच पडला.

"म्हातारीनं आपलं गाव कावून सोडायचं?" त्यानं विचारलं.

कारकुनानं सांगितलं, ती यहुदी आहे. तिथलं सरकार यहुद्यांना म्हणतं, निघा. बाकीची सरकारं म्हणतात, आधी जामीन दाखवा.

"म्हंजी तिकडचं म्हनतंय जा, इकडचं म्हनतंय येऊ नगा. मंग मधी ऱ्हायचं कुटं?"

त्याचं त्यालाच ते जागच्या जागी उमगलं.

"शिवंवर," तो म्हणाला. "माजी बायकू बायडा शिवंवरच बाळंत झालती. ह्ये डाक्तर पायी आलते तितं."

तो रागानं बोलला नव्हता, आठवलं म्हणून बोलला होता. त्या साली मागच्या गावानं कळप हाकलला होता आणि पुढं ह्या गावानंही शिरू दिला नव्हता. पुढच्या गावी जा, असा निरोप विठ्ठलरावांनीच धाडला होता. चावडीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं.

विठ्ठलरावांनी पान तसंच खाली ठेवलं. दौत पुढं ओढली आणि कागदावर सही केली. कारकून खुशीत आला. एकच रकाना राहिलाय म्हणाला आणि वाचला, "मुक्काम किती दिवस?"

मेंढरं घेऊन आलेल्या सिदूला विठ्ठलराव दरसाल पहिल्यांदा हेच विचारायचे. आज ते पायरीकडं बघत राहिले. सिदूही त्यांच्याकडंच बघत होता, पाटील काय सांगतात ह्याची त्याला खरंच उत्सुकता होती.

"कोरा ऱ्हाऊ द्या," विठ्ठलराव म्हणाले.

डॉक्टरला यातलं अक्षर कळलं नाही. पण पाटलांचा उतरलेला चेहरा त्याला दिसला. तो लगबगीनं पुढं आला, त्यांचं मनगट हातात धरलं आणि येत होतं तेवढ्या मराठीत त्यानं विचारलं, "कुठं दुखतंय?"