सुट्टीची घोषणा

वाडीतल्या भाड्याच्या घरामागे पंचफुलाबाई रोज चुलीवर काहीतरी नवं रांधायच्या आणि मुलगी काजल त्याचा व्हिडिओ टाकायची. तीन वर्षांत चॅनल वाढलं, पण खंड पडला तर प्रेक्षक जातील म्हणून सणासुदीलाही सुट्टी नव्हती. आज मांडे भाजून झाल्यावर काजलनं मोबाइल स्वतःकडे वळवला. “मंडळी, सतत व्हिडिओ करून मी थकून गेले आहे. महिनाभर विश्रांती घेते,” असं सांगून तिनं रेकॉर्डिंग थांबवलं. आईनं भीतभीत विचारलं, “मंग मी बी आराम करू का वं?” काजलनं वळून पाहिलं. आईच्या हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. आईनं हात पदराखाली लपवले. “मोबाइल सुरू हाय का? डाग दिसून राहिले तर व्हिडिओतून पुसून टाकजो, रोजच्यासारखे.” काजलनं मान खाली घालून चुलीतली जळती लाकडं बाहेर काढली.