हात केला की थांबायचं

सीटवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं आणि पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड साफ झिजले होते. संतोषने त्यातला एक हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. वरच्या घासणाऱ्या मसाल्याचा पत्ता नाही, नुसता पत्रा.

"पाच महिन्यांची गाडी आहे ही," तो सुनीलला म्हणाला. "कंपनीनं काय शेणाचे पॅड टाकलेत का?"

सुनील हा सिन्नरच्या त्या सर्व्हिस सेंटरचा हेडमिस्त्री. असली तावातावाने बोलणारी गिऱ्हाइकं तो रोज बघायचा. "पॅड चांगलेच होते," नवे बसवता बसवता तो म्हणाला. "भरल्या गाडीला कुणीतरी सारखे कचकन ब्रेक मारतंय. चालवतं कोण?"

"माझे वडील. अर्धं आयुष्य ट्रक चालवलाय त्यांनी. आता तुम्ही त्यांना ब्रेक मारायला शिकवणार का?"

वडील, म्हणजे पुंजानाना, गाडीच्या मागच्या हौद्यात भरलेल्या कोथिंबिरीवरच्या गोणपाटावर पाणी शिंपडत होते. जसं काही दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं बोलणं चाललंय.

तेवढ्यात फोन वाजला. देवळाली कॅम्पातल्या हॉटेलचा मॅनेजर धनराज. त्या हॉटेलाला रोज भाजी पोचवायची, एवढंच या गाडीचं बांधलेलं काम होतं, आणि त्याच्याच भरवशावर गाडी घेतली होती.

"आज बारापर्यंत भाजी आली नाही तर उद्यापासून आणू नकोस," धनराज म्हणाला. "पुंजानानांचा उशीर आता रोजचाच झालाय. मी दुसरा माणूस बघून ठेवलाय."

संतोष चक्रावला. नाना तर रोज उजाडायच्या आत घरातून निघत होते. मग वाटेत वेळ कुठे जात होता? पण आधी या मिस्त्रीला वॉरंटी दाखवू, मग बघू, असं म्हणून त्याने कागद काढायला डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आत कागद राहिले बाजूला, एक चष्मा होता, मिश्रीची डबी होती, तान्ह्या पोराचा एकच मोजा होता आणि कुणाच्या तरी गुडघ्याचा गुंडाळून ठेवलेला एक्स-रे होता.

"नाना, हा चष्मा कुणाचा?"

"गोटीरामचा हाय. कधीचा हुडकतोय बिचारा. ऱ्हाऊ दे तिथंच."

"आणि ही डबी?"

"यशोदाबाईची. ती काय, रोजच आसती."

संतोषने कप्पा धाडकन लावला. "अहो, भाजीची गाडी आहे ही. किती लोक बसवता तुम्ही?"

"मोजायला मी काय कंडक्टर हाय? त्या पांढुर्लीच्या रोडला यष्टी येती का कधी वेळंवर? मानूस हात करतं. हात केला की थांबायचं."

"पैसे घेता?"

"हात केलेल्याकडून?" नानांनी त्याच्याकडे असं बघितलं, की विचारणाऱ्यालाच लाज वाटावी.

"मग लांबूनच हळू तरी करा ना गाडी. ऐन वेळी कचकन कशाला दाबता?"

"लांबून कळत नाय ना, मानूस हात करतंय का माशी हाकलतंय."

सुनील हसू लपवायला चाकामागे वाकला. संतोषला मात्र हसावं की कपाळ बडवून घ्यावं तेच कळेना. ज्या माणसासाठी आत्ता दोन मिनिटांपूर्वी तो मिस्त्रीच्या अंगावर धावून गेला होता, तो माणूस हा असा.

"चावी द्या," तो म्हणाला. "मी चालवतो."

"आन् तुझी ड्युटी?"

"बुडाली. द्या चावी."

नाना डाव्या बाजूने चढले. या गाडीत त्या जागी ते पहिल्यांदाच बसत होते. तिकडचं दार त्यांना नीट लावता येईना, शेवटी संतोषनेच वाकून ओढून घेतलं.

पहिला हात गावाबाहेरच आला.

"गोटीराम हाय," नाना म्हणाले.

संतोष थांबला नाही.

"चष्मा तरी दिला आसता त्याचा."

"उद्या."

पुढे पाट्या घेतलेल्या दोन बाया होत्या. त्याही मागे गेल्या. पांढुर्लीच्या अलीकडे झाडाखाली चांगुणा उभी होती, नानांच्या चुलतभावाची सून. दाढ काढून आली असावी, गाल फडक्याने बांधला होता. गाडी ओळखीची, म्हणून तिने हातसुद्धा केला नाही. नुसत्या दोन्ही पिशव्या उचलल्या आणि रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. संतोष तिच्या शेजारून तसाच पुढे गेला. आरशात ती बराच वेळ दिसत होती, पिशव्या तशाच हातात धरलेली. त्याला स्वतःचा राग आला, आणि राग आला म्हणून त्याने गाडी आणखीच दामटली.

नाना रस्त्याच्या कडेकडेच बघत होते. त्यानंतर भगूर आलं, मग कॅम्प आला.

बाराच्या आत गाडी हॉटेलच्या मागच्या दाराशी लागली. धनराजने कोथिंबिरीची एक जुडी उचलून हुंगली. "बघ, अशी ताजी पाहिजे मला," तो म्हणाला. "उद्यापासून तूच आणत जा." गाडीची काच खाली होती. नानांना सगळं ऐकू गेलं असणार.

संतोषने क्रेट उतरवले, हात धुतले आणि येऊन डावं दार उघडलं. रस्त्याने आपण जरा जास्तच केलं, हे त्याला कळत होतं. "चला नाना," तो नरमाईने म्हणाला. "चहा घेऊ."

"थांब जरा," नाना म्हणाले. "पोटरीत गोळा आलाय."

संतोषने खाली बघितलं. नानांचा उजवा पाय चपलेतून निघाला होता आणि समोरच्या मॅटवर, जिथे काहीच नव्हतं तिथे, गच्च दाबून धरलेला होता.