कुबातचा कोमुझ

सत्यबाल्डी जर्दाळूच्या लाकडाचे कोमुझ कोरायचा आणि एखादी तार किंचित खरखरली की अख्खं वाद्य चुलीत घालायचा. बायको म्हणायची, “तुमचं संगीत आजवर फक्त चुलीनंच ऐकलंय!” मित्र कुबात वर्षानुवर्षं आपल्या कोमुझाची वाट बघत होता. अखेर मनासारखा एक जमला, पण तोवर डोंगरात मेंढ्या राखताना कुबातची बोटं बर्फात गोठून झडली होती. त्यानं उरलेल्या अंगठ्यानं तार छेडली. “बिनचूक झालाय रे,” तो हसला, “आता जोडीला बोटंही कोरून दे.” सत्यबाल्डीला मान वर करवेना. कुबातसोबत आलेल्या त्याच्या लेकीनं चुलीपाशी जाळायला ठेवलेला दुसरा कोमुझ उचलला. “काका, हा मी घेऊ?” “अगं, तो खरखरतो.” “खरखरू दे की!” ती तिथंच वाजवायला बसली. सत्यबाल्डीचे हात तो हिसकावायला शिवशिवले. त्यानं ते पाठीमागे गुंफले आणि गाणं संपेपर्यंत सोडले नाहीत.